डिझेल उशिरा ऐकतं, म्हणून ती बीप बंद करू नका

मी नाशिकच्या अंबडला पॉवर प्रेसवर काम करतो, राहायला जेलरोडला, आणि रात्री जेवण झालं की तासभर कॉम्प्युटरवर ट्रेन चालवतो. वर म्हटलेली बीप म्हणजे अलर्टरची, चालवणारा जागा आहे का हे विचारणारी, तिच्याकडे शेवटी येतोच. बरीच वर्षं झाली आता याला. सुरुवात मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरपासून, तो २००१ चा जुना गेम, मित्राकडून सीडी आणली होती, आता बहुतेक वेळ ओपन रेल्सवर जातो कारण तो फुकट आहे, जुने सगळे रूट त्यात चालतात आणि ब्रेकचं, इंजिनाचं गणित त्यात जास्त खरं वाटतं. अधूनमधून ट्रेन सिम्युलेटर क्लासिक पण लावतो, ब्रिटिश आणि जर्मन गाड्यांसाठी. (दोन्ही खेळणाऱ्यांना सांगून ठेवतो, ओपन रेल्समध्ये डी दाबलं की नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा टप्पा, वाढतो आणि ए दाबलं की कमी होतो, क्लासिकमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलात की पहिली पाच मिनिटं यार्डातच काढा.)

मला वेड डिझेलचंच आहे. खरं तर नाशिकरोडच्या माणसाला इलेक्ट्रिकचं असायला पाहिजे, इगतपुरी-भुसावळ लाईनवर साठच्या दशकाच्या शेवटीच तारा आल्या, आम्ही लहानपणापासून फलाटावर पँटोग्राफच बघत आलो. पण आमचं आजोळ नगरसूलच्या बाजूला, म्हणजे मनमाडला गाडी बदलायची आणि तिकडून पुढे त्या काळी सगळं डिझेल. मनमाडच्या फलाटावर अल्को उभं असलं ना, की ते उभ्या उभ्याच चढण चढून आलेल्या बैलासारखं धापा टाकायचं, आणि निघताना काळ्या धुराचा लोट असा उठायचा की आई पदर नाकाला लावायची आणि मी मात्र मान वर करून बघत राहायचो. ते इंजिन डब्ल्यूडीएम-२. १९६२ मध्ये पहिली खेप अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागलं, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. भारतातली अर्धी पिढी त्याच्या मागे बसून गावाला गेलीये.

तर सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा अल्को घेणारा माणूस काय करतो, बाईकची सवय असते म्हणून एकदम आठव्या नॉचवर जातो. मग गाडी हलत नाही, नुसता धूर निघतो, आणि तो म्हणतो गेममध्ये बग आहे. बग नाहीये तो. अल्कोचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा, फिरतो एक्झॉस्टच्या गॅसवर. तुम्ही नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणजे इंधन आधी पोचतं आणि हवा मागून येते, आणि मधल्या वेळात जे अर्धवट जळतं तोच तो काळा धूर. इंजिन ४०० आरपीएमवर आयडल असतं आणि वर १००० पर्यंत जातं, तो सगळा प्रवास टप्प्याटप्प्यानेच होतो. एक नॉच द्या, आवाज बदलेपर्यंत थांबा, अँपिअरचा काटा (डिझेल वीज बनवतं आणि चाकं विजेच्या ट्रॅक्शन मोटरी फिरवतात, त्यांचा करंट तो दाखवतो) वर जाऊन जरासा खाली यायला लागला की पुढचा नॉच. उलट ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची इंजिनं, म्हणजे आपल्याकडची डब्ल्यूडीजी-४ वगैरे, त्यांचा टर्बो सुरुवातीला गिअरने इंजिनाला जोडलेला असतो आणि पुरेसा गॅस मिळाला की क्लच त्याला मोकळं सोडतो, म्हणून ती एवढा धूर ओकत नाहीत आणि लवकर उत्तर देतात. दोन्ही एकाच रूटवर एकामागोमाग चालवून बघा, पाच मिनिटांत फरक हाताला कळतो.

अँपिअरचा काटा बघायला मला आमच्या शेजारच्या काकांनी शिकवलं. ते एकलहरे रोडच्या रेल्वेच्या ट्रॅक्शन मशीन वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्यभर ट्रॅक्शन मोटरी उघडल्या आणि वाइंडिंग केल्या. एकदा सहज आले तर मी मालगाडी घेऊन चढावर ताशी आठ-नऊने रांगत होतो, आठवा नॉच, आणि खूश होतो की थांबली नाही. काका चष्मा वर करून स्क्रीनजवळ गेले, काट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे बाळा, वेग काय बघतोस, हे बघ. मोटर भाजतोयस तू."

मी म्हटलं, "काका, पण गाडी चाललीये ना."

"चाललीये. आणि जळालेली मोटर आमच्याकडं आली ना, की त्या आर्मेचरचा वास दोन दिवस हाताला राहायचा."

मग त्यांनी समजावलं ते असं. मोटर जोरात फिरते तेव्हा ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि तो करंटला अडवतो. हळू फिरत असली की अडवणारं कोणी नाही, म्हणून करंट प्रचंड. तेवढा करंट काही मिनिटं चालतो, तासभर नाही. म्हणून प्रत्येक डिझेल इंजिनाला एक किमान वेग असतो ज्याच्या खाली पूर्ण लोडवर फार वेळ राहायचं नाही, आणि म्हणूनच चढावर लोड जास्त असला तर दुसरं इंजिन जोडतात, नुसती हॉर्सपॉवर पुरते म्हणून चालत नाही. त्या दिवसापासून मी काटा आधी बघतो, वेग नंतर. डब्ल्यूडीएम-२ मध्ये आणखी एक गंमत, सुरुवातीला सहा मोटरी दोन-दोनच्या जोडीने सिरीजमध्ये असतात आणि वेग वाढला की सगळ्या पॅरललमध्ये जातात, त्याला ट्रान्झिशन म्हणतात. चांगल्या मॉडेलमध्ये त्या क्षणी काटा पडतो, ओढ सुटल्यासारखी होते आणि परत येते. नवीन माणूस तिथे घाबरून नॉच मागे घेतो. घेऊ नका, थांबा.

चाक घसरलं (व्हील स्लिपचा दिवा लागतो) तर मात्र उलट, तिथे थांबायचं नाही, नॉच लगेच मागे, वाळू सोडायची, आणि पकड आल्यावर परत हळूहळू. ओपन रेल्समध्ये ॲडव्हान्स्ड ॲडहीजन (चाकाच्या पकडीचं गणित) चालू करून पावसात चालवा म्हणजे कळेल. इंजिनाच्या स्वतःच्या सेफ्टी पण असतात, लुब ऑइलचं प्रेशर पडलं किंवा पाणी कमी झालं की इंजिन बंद, ओव्हरस्पीड झालं की बंद, ग्राउंड रिले (वीज कुठे गळली की पडणारा स्विच) पडला की पॉवर जाऊन इंजिन आयडलला, पण सिममध्ये या गोष्टी थोड्याच मॉडेलवाल्यांनी मनापासून केल्यात, म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

खरी परीक्षा ब्रेकची. डिझेल उशिरा ऐकतं म्हणतो मी, पण ब्रेक त्याहून उशिरा ऐकतो. आपल्याकडे ब्रेक पाईपमध्ये ५ किलोचं प्रेशर असतं, ए-९ चं, म्हणजे सगळ्या गाडीच्या ब्रेकचं, हँडल ओढलं की इंजिनाकडून हवा सुटायला लागते, आणि ५८ वॅगनची मालगाडी असेल तर तो निरोप शेवटच्या वॅगनपर्यंत पोचायला काही सेकंद जातात. पुढच्या वॅगन धरतात, मागच्या अजून ढकलत असतात, सगळी गाडी दाबली जाते. सोडताना तर आणखी वेळ, कारण हवा परत भरायची असते. ओपन रेल्समध्ये एफ-५ दाबून ब्रेकचं पान काढा, प्रत्येक डब्याचं प्रेशर आकड्यांत दिसतं, मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा गाडी चालवायची सोडून नुसते आकडे खाली उतरताना बघत बसलो होतो.

आणि अमेरिकन मालगाडीत तर आणखी एक सापळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या गेममध्ये मरायस पासचा रूट होता, माँटानातला, डॅश-९ इंजिनं. तिथल्या मालगाडीचा ब्रेक थोडा सोडता येत नाही, सोडला की पूर्णच सुटतो. मी उतारावर काय करायचो, ब्रेक लावला, वेग जास्त कमी झाला, सोडला, वेग वाढला, परत लावला. तीन-चार वेळा असं केलं आणि पाचव्या वेळी हँडल ओढलं तर काहीच नाही. कारण प्रत्येक डब्याखालची टाकी भरायला वेळ लागतो आणि मी तो देतच नव्हतो, दरवेळी आधीपेक्षा कमी हवा, कमी पकड. मागे हजारो टन. ती गाडी वळणावरून गेली. त्यानंतर शिकलो की उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करायचा, एकदाच बेताचा ब्रेक लावून तसाच ठेवायचा आणि वरचं-खालचं डायनॅमिक ब्रेकने सांभाळायचं, म्हणजे मोटरीच जनरेटर होतात आणि वीज छतावरच्या रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जाते. तिथे पण घाई नाही, पॉवरवरून डायनॅमिकवर जाताना मध्ये दहा सेकंद थांबायचं असतं. आपण पंचवटीने मुंबईला जाताना इगतपुरीला गाडी थांबते, लोक चहा-वडापाव घेतात, पण पुढे कसाऱ्यापर्यंत ३७ ला १ चा उतार आहे आणि तो उतरायच्या आधी ब्रेक तपासायचे असतात. मी आता त्या थांब्याला मोबाईल खिशात ठेवतो आणि खालून येणारा हवेचा आवाज ऐकतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

जवळजवळ प्रत्येक सिममध्ये अलर्टर किंवा व्हिजिलन्स बंद करायची सोय असते, आणि जवळजवळ प्रत्येक जण ते बंद करतो. मी पण कित्येक वर्षं बंद ठेवलं होतं. कारण सरळ आहे, दर मिनिटाला ती बीप, घरातले वैतागतात, आणि चुकलं की गाडी उभी. आपल्याकडच्या खऱ्या इंजिनात त्याला व्हीसीडी म्हणतात. लोको पायलटने साधारण ६० सेकंद काहीच केलं नाही, म्हणजे नॉच नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही, तर दिवा लुकलुकायला लागतो, साधारण आठ सेकंदांनी बझर, आणखी तेवढेच सेकंद गेले की पॉवर तुटून ब्रेक आपोआप लागतात. आणि लागले की लगेच सुटत नाहीत, अर्धा मिनिट बसून राहावं लागतं. जर्मनीत सिफा, ३० सेकंदांचा, पॅडल दाबून ठेवायचं आणि मध्ये एकदा सोडून परत दाबायचं. ब्रिटनमध्ये पण पायाखाली पॅडल.

पण हे सगळं फक्त एवढंच विचारतं की माणूस जागा आहे का. तो सिग्नलकडे बघतोय का हे विचारत नाही. त्यासाठी ब्रिटनची एडब्ल्यूएस बघा. सिग्नलच्या साधारण १८० मीटर आधी रुळांमध्ये मॅग्नेट असतं. सिग्नल हिरवा असेल तर घंटी. पिवळा (म्हणजे पुढचा लाल असू शकतो), दोन पिवळे (त्याच्याही पुढचा) किंवा लाल, काहीही असेल तर भोंगा, आणि दोन-अडीच सेकंदांत बटण दाबलं नाही तर ब्रेक. बटण दाबलं की समोरची काळी तबकडी पिवळ्या-काळ्या सूर्यफुलासारखी होते, म्हणजे आठवण राहते की तू इशारा घेतलायस, आता जबाबदारी तुझी. सिममध्ये क्यू चं बटण. पंधरा-वीस मिनिटांत बोट आपोआप क्यू वर जायला लागतं, डोकं त्यात राहतच नाही, आणि पिवळ्याचा भोंगा आणि लालचा भोंगा एकच. मी स्वतः एचएसटी घेऊन, म्हणजे ते पुढे-मागे २२५० हॉर्सपॉवरचं एकेक डिझेल लावलेलं, ताशी २०० ने पळणारं, दोन पिवळ्यांना क्यू दाबून तसाच पुढे गेलोय आणि लाल दिसला तेव्हा अंतर उरलं नव्हतं. त्या वेगातून थांबायला दोन किलोमीटरच्या आसपास लागतात.

१९ सप्टेंबर १९९७ ला लंडनजवळ साउथॉलला हेच खरं झालं. तशीच एचएसटी, स्वान्सीहून पॅडिंग्टनला चाललेली. पुढच्या पॉवर कारमधली एडब्ल्यूएस बिघडली म्हणून बंद करून ठेवली होती. त्याहून पुढची एटीपी नावाची यंत्रणा पण गाडीत बसवलेली होती, तीही चालू नव्हती. दोन पिवळे गेले, पिवळा गेला, कॅबमध्ये भोंगा वाजलाच नाही, आणि लाल दिसला तोवर समोर मालगाडी रूळ ओलांडत होती. ७ माणसं गेली. पुढे ५ ऑक्टोबर १९९९ ला त्याच मार्गावर लॅडब्रोक ग्रोव्हला एक डिझेल लोकल एसएन १०९ नावाचा सिग्नल लाल असताना पुढे गेली आणि समोरून येणाऱ्या एचएसटीवर आदळली, ३१ माणसं गेली. तिथे एडब्ल्यूएस चालू होती, इशारा मिळाला, बटण दाबलं गेलं. म्हणजे एकदा बंद होती म्हणून आणि एकदा चालू असूनही. त्यानंतर जिथे धोका जास्त अशा सिग्नलांवर टीपीडब्ल्यूएस बसवली गेली, २००३ च्या शेवटापर्यंत, जी लाल ओलांडला किंवा लालकडे फार वेगाने आलात तर तुम्हाला विचारत नाही, थेट ब्रेक लावते.

साउथॉलचं वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण ट्रेन नव्हतं.

आम्ही प्रेसवर काम करतो तिथे दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) राहूच शकत नाही. आधी मी जिथे कामाला होतो तिथे प्रॉडक्शन वाढावं म्हणून एक बटण केबल टायने बांधून ठेवायचे. एक हात मोकळा, त्याने पार्ट उचलायचा, तासाला शंभरेक नग जास्त. सुपरवायझरला माहीत, सगळ्यांना माहीत, मला पण माहीत, मी पण त्या मशीनवर तसंच काम केलंय. नाईट शिफ्टला, पहाटे चारच्या सुमाराला, माझ्या शेजारच्या मशीनवरच्या पोराची दोन बोटं गेली. आवाज रोजचाच आला, म्हणून आम्ही कोणी वळलो पण नाही, तो ओरडला तेव्हा वळलो. मी धावत जाऊन मशीन बंद केलं आणि माझी नजर पहिल्यांदा कुठे गेली असेल तर त्या केबल टायवर. पांढरा होता, वरून काळं ग्रीस लागलेला.

तर त्या रात्री मी उठून कॉम्प्युटर लावला आणि ओपन रेल्सच्या सेटिंगमध्ये जाऊन अलर्टरची खूण परत केली. गेम आहे, कोणाचं काही जाणार नाही, मला कळतं. पण हाताला सवय कसली लावायची ते आपणच ठरवतो, आणि मला बांधलेल्या बटणाची सवय नको होती.

आणि चालू ठेवल्यावर गाडी चालवायची पद्धतच बदलली. बीप येईपर्यंत थांबायचं नाही हे आपोआप कळतं. आपले लोको पायलट आणि असिस्टंट प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, हात दाखवून, एक म्हणतो, दुसरा परत म्हणतो. मी पण आता तसं करतो, एकटाच, स्क्रीनकडे बोट करून "डबल यलो". बायकोला सुरुवातीला विचित्र वाटलं, आता ती स्वयंपाकघरातून "डबल यलो" म्हणून परत सांगते. खरंच फरक पडतो. बटण बोटाने दाबलं जातं पण तोंडाने रंग सांगायचा तर डोळ्याने बघावंच लागतं.

जर्मन पीझेडबी, म्हणजे तिकडची सिग्नलवर नजर ठेवणारी यंत्रणा, मला या बाबतीत सगळ्यात आवडते. पिवळ्याला मॅग्नेट लागलं की ४ सेकंदांत बटण दाबायचं, इथपर्यंत एडब्ल्यूएससारखंच. पण पुढे ती तुम्हाला सोडत नाही. नेहमीच्या पॅसेंजर मोडमध्ये २३ सेकंदांत ताशी ८५ च्या खाली या, लाल सिग्नलच्या २५० मीटर आधी परत तपासणार, तिथे ६५ च्या आत पाहिजे आणि लगेच पुढे ४५. तुम्ही इशारा घेतला म्हणता ना, मग ब्रेक लावून दाखवा, असा हिशोब. बीआर २१८ वर ती शिकायला मला दोन महिने लागले, त्या इंजिनाचं आणखी वेगळं, ते डिझेल-हायड्रॉलिक आहे, ट्रॅक्शन मोटरीच नाहीत, तेलाच्या टॉर्क कन्व्हर्टरने चाकं फिरतात, म्हणून काकांना दाखवलं तर ते म्हणाले यात माझं काही काम नाही आणि चहा पिऊन गेले. आपल्याकडे आता कवच येतंय, ते पण असंच वेगावर नजर ठेवून स्वतः ब्रेक लावणारं आहे, आमच्या लाईनवर ते पूर्ण झालेलं मला बघायचंय.

गेल्या रविवारी भाचा आला होता, अकरा वर्षांचा. त्याला डब्ल्यूडीएम-३ए दिलं, आठ डबे, सपाट रूट. पहिल्या दोन मिनिटांत बीप झाली आणि तो म्हणाला, "मामा, हे बंद कर ना."

मी म्हटलं, "नाही. थांब आणि बघ काय होतं."

त्याने बटण दाबलं नाही. ब्रेक लागले, गाडी शेताच्या मधोमध उभी राहिली, इंजिन आयडलला, आणि तो की-बोर्डवर सगळी बटणं दाबत बसला. मी त्याला म्हटलं हवा भरू दे, प्रेशर ५ वर येऊ दे, मोठ्याने आकडे वाच. त्याने वाचले, कंटाळला, पण वाचले. मग पहिला नॉच, आवाज बदलला, दुसरा. धूर निघाला तेव्हा हसला. आठ-दहा मिनिटं तो नीट चालवत होता आणि मी बाजूला गप्प बसलो होतो. परत दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं आता हा बटण दाबणार, पण त्याने बटणाकडे बघितलंच नाही, खिडकीतून पुढे बघत होता, आणि त्याने लांब हॉर्न दिला. दिवा विझला.

"बटण का नाही दाबलंस?" मी विचारलं.

"पुढे फाटक आहे ना मामा."